रायभानची दोन बोटं आणि मी

मी चेन बोलतेय. गळ्यातली नव्हे, मोटारसायकलची. छत्तीस हजार किलोमीटर पळालेली आणि माणसाचं रक्त चाखलेली. दचकू नका. आता मी कुणाला चावत नाही.

कारखान्यात मला कडी कडी ठोकून जोडलं. जिचा जन्मच ठोकाठोकीत झाला, तिचा स्वभाव गोड कुठून असणार?

मला घेतलं पेडगावच्या रायभाननं. हा मेंढरंवाला. मेंढी कातरावी तर रायभाननंच. उजव्या हातात कातर धरली की दुपारपर्यंत चाळीस मेंढ्या उघड्या पाडायचा आणि एकीच्याही अंगावर ओरखडा नाही. त्या हातासाठी त्याला पालमपर्यंतचे लोक बोलवायचे. घर त्या हातावर चालायचं. गाडी पळवायची मी, पण नाव त्या हाताचं. मला ते खुपायचं.

माझाही पराक्रम होता. माझ्यावरचं कव्हर खडखडतंय म्हणून रायभाननं काढून कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलं आणि मी मोकळी झाले. दोन लुगड्यांचे काठ खाल्ले. एका पाहुण्याची विजार गुडघ्यापर्यंत फाडली. चारठाण्याच्या रस्त्यावर तर सात हातांची धामण गिळली. रायभान म्हणतो ती दोरी होती. त्याला काय ठाऊक, तो पुढं बघत होता.

पुढं मी झिजले. लोंबायला लागले, गाडी उचलताना झटका द्यायला लागले. रायभान सडकेवरच्या सिद्धोधन मेकॅनिककडं गेला. त्यानं मागच्या दातेरी चक्रावर मला चिमटीत धरलं आणि मागं ओढलं. अर्धा दात उघडा पडला. मग चाक सावकाश फिरवलं. मी एका जागी ताठ, दुसऱ्या जागी ढिली.

"मामा, ही ताणली. दोन्ही चक्रांचे दात बी झिजून सुळे झालेत," सिद्धोधन म्हणाला. "तिन्ही संगट बदला."

"एक कडी काढ की. कातरणी झाल्यावर बघू."

"कडी काढल्यानं म्हातारी तरणी व्हत न्हाई, मामा."

शेवटी त्यानं मला जरा ताणून दिलं. वर बजावलं, की तेल लावताना गाडी बंद ठेवायची आणि चाक हातानं फिरवायचं. रायभान हसला. म्हणाला, "दोनशे मेंढरं धरतो मी. ही काय चावती मला?"

मी ऐकलं.

कातरणीच्या दिवशी सकाळी अंगणात मेंढ्या दाटल्या होत्या. रायभानची बायको कासाबाई त्यांचे पाय बांधत होती. रायभाननं गाडी डबल स्टँडवर घेतली, चालू केली, पहिला गेर टाकला. मागचं चाक आपोआप फिरायला लागलं. हातानं कोण फिरवत बसतं? मग त्यानं ताज्या लोकरीचा बोळा जळक्या ऑइलात बुडवला. मेंढीच्या लोकरीत अंगचं तेल असतं, चेनीला फडक्यापेक्षा तीच बरी, ही त्याची अक्कल. खोटी नव्हती. पण फडकं सुटतं, लोकर सुटत नाही.

एक लांब तंतू माझ्या कडीत शिरला. सुळ्यानं तो ओढला, तंतूनं बोळा ओढला, बोळ्यानं बोटं. हाडं मोडताना बाभळीच्या वाळल्या काडीसारखा आवाज येतो. ऑइल काळं होतं, ते लाल झालं. रायभान ओरडला नाही, ढोरासारखा हंबरला. मेंढ्या एकमेकींवर चढल्या, दोन तर कुंपण पाडून गेल्या.

खरं सांगते, तेव्हा मला मजा आली. चाळीस मेंढ्यांचा हात माझ्या तोंडात होता.

कासाबाईनं काठी उचलली आणि चाकाच्या तारांत खुपसली. तारा तुटल्या, काठी तुटली, इंजिन गचका खाऊन मेलं. पण मी सोडेना.

"क्लच दाब, कासे," तो दातांतून म्हणाला. "चाक उलटं फिरव."

तिनं क्लच दाबून धरला आणि टायरला उलटी लाथ हाणली. दुसऱ्या लाथेला मी तोंड उघडलं. परभणीच्या दवाखान्यात हात वाचला. अंगठ्याशेजारच्या दोन बोटांची वरची पेरं नाही वाचली.

सिद्धोधननं मला उतरवलं. कासाबाईनं मला दगडावर धरून कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं बडव बडव बडवलं. माझ्या अकरा कड्या चेपल्या. जन्मताना तरी इतकं ठोकलं नव्हतं.

फाल्गुनात रायभाननं पुन्हा कातर धरली. पहिल्याच मेंढीला ती निसटली आणि कातडी फाटली. त्यानं कातर भिंतीवर फेकली.

कासाबाईनं ती उचलली, मुठीला चिंध्या गुंडाळल्या आणि त्याच्यापुढं धरली. "आंगठा हाय, करंगळी हाय, तिच्याजवळचं एक हाय. रडायलाव कशाला? धरा."

त्यानं धरली. दुपारपर्यंत सात मेंढ्या झाल्या. सातवीच्या अंगावर ओरखडा नव्हता.

गाडीवर आता नवी चेन आहे, दोन्ही चक्रंही नवी. कव्हर खुराड्यावरून परत आलंय. तेलाच्या वेळी रायभान किल्ली काढून कासाबाईच्या हातात देतो, मगच खाली बसतो.

तुम्हीही तेवढं करा. माझी जात ओळख ठेवत नाही.

मी आता मेंढवाड्याच्या फाटकाला साखळी म्हणून असते. दिवस मावळला की रायभान उरलेल्या बोटांनी मला खुंटीला अडकवतो. त्याचा हात माझ्या कड्यांवरून जातो, जरा थांबतो.

मी तोंड मिटून घेते.