आसरांची पायरी

निजामाच्या राज्यातली ती शेवटची वर्षं. उदगीरच्या अलीकडं आमचं गाव, आणि गावाला पाणी एकाच बारवेचं. चौदा पायऱ्यांची बारव. नवव्या पायरीशी कोनाड्यात साती आसरा बसलेल्या. पाणी त्यांच्या पायांखाली उतरलं की शेताची मोट बंद करायची, मग पाऊस लागेपर्यंत फक्त घागरी, ही वाडवडिलांची रीत.

आसरांना हळदकुंकू वाहिल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही, हा माझा रोजचा नेम.

त्या चैत्रात माझे सासरे आप्पासाहेब म्हणाले, "आसरा सपनात आल्या. म्हणल्या, आमाला पाण्याजवळ न्या." जिलानी गवंड्यानं मूर्ती तीन पायऱ्या खाली, बाराव्या पायरीशी नेऊन बसवल्या. ओटी मीच भरली. देवींच्या पायांना पाणी लागलेलं पाहून मला भरून आलं. मोट चालू राहिली आणि मामंजींचा ऊस हिरवागार राहिला.

वैशाखात शेजारच्या शरणम्मानं घागर माझ्यापुढं कलती केली. तळाला नुसता गाळ.

"देवींचे पाय वले हायत बाई, अन् माझं लेकरू चिखल पिऊन राहिलंय. ह्याला काय म्हणावं?"

घरी येऊन मी मामंजींना विचारलं, "ते स्वप्न खरंच पडलं होतं का?"

ते पानाला चुना लावत राहिले. "ऊस वाळून चालला होता, सूनबाई. देवाला काय, वर काय अन् खाली काय."

दुसऱ्या दिवशी मी नवव्या पायरीशीच थांबले. रिकाम्या कोनाड्याला कुंकू लावलं.

"अगं, तिथं कोण हाय?" शरणम्मा हसली. "उन्हानं डोळे गेले का काय तुझे?"

"स्वप्न खोटं होतं, शरणम्मा. ओटी भरून मीच ते खरं केलं." माझा आवाज लहानच, पण घागरी बुडवायच्या थांबल्या. "आसरा वर येईपर्यंत माझ्या तोंडात पाणी न्हाई."

माझी जीभ टाळूला चिकटली, तेव्हा कुठं उन्हं कलता जिलानीमामा पहार घेऊन आले. "हुकूम मालकाचा होता बाई, पर हात तर माझेच की."

मूर्ती कोनाड्यात परत बसवताना ते कुणाकडं बघत नव्हते. मामंजी वर मोटेच्या बैलांजवळ उभे. आसरांच्या पायांपासून पाणी किती खाली गेलंय, ते आता साऱ्या गावाला दिसत होतं. मामंजींनी आपल्या हातानं मोटेचे बैल सोडले.

ऊस पंधरा दिवसांत वाळला, गुरांपुढं टाकला. मृग कोरडा गेला, पण बारव पुरली.

मामंजी माझ्या हातचं जेवत, बोलत मात्र नसत. मी ते सोसलं. देवींच्या तोंडी खोटा शब्द घालण्यात माझाही हात होता.