बोगनवेलीचं पथ्य

घरमालक फाटकाजवळच्या बोगनवेलीच्या मुळावरच उठले होते. लावल्यापासून तिनं एक फूल दाखवलं नव्हतं, काटे मात्र असे की येणाऱ्या-जाणाऱ्याची बाहीच धरून ठेवावी. त्या दिवशी त्यांचा नवाकोरा सदरा टरकन फाटला आणि त्यांनी वरच्या मजल्यावरच्या सिस्टरना बजावलं, "उन्हाळा संपायच्या आत फूल दिसलं तर ठीक. नाहीतर कुऱ्हाड!"

सिस्टर म्हणजे जन्मभर इस्पितळातला वॉर्ड सांभाळलेली बाई. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांच्या यजमानांनी, तेही बस चालवून निवृत्तच, ही काडी आणून हातात ठेवली होती. "घे, आता हिची सेवा कर. माझी पुरे झाली." तेव्हापासून सिस्टरचा जीव त्या काडीत अडकलेला. कुऱ्हाडीचं ऐकल्यापासून त्यांना घास गोड लागेना. त्यांनी सेवा दुप्पट केली. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, मधूनमधून शेणखत. बाईसाहेब हिरव्यागार माजल्या, पण फुलाचं नाव नाही!

एका दुपारी सिस्टर सहज खाली डोकावल्या, तर यजमान तांब्या घेऊन वेलीपाशी उभे.

"तू दमतेस गं," ते ओशाळून म्हणाले. "म्हणून दुपारचं मी घालतो."

एवढ्यात मागचा नळ करकरला. हातात रबरी नळी घेऊन घरमालक आले आणि दोघांना बघून जागीच थिजले.

"तुम्ही? कुऱ्हाडवाले?" सिस्टर म्हणाल्या.

"मग काय करू? बोलून बसलोय. नाही फुलली तर तोडावी लागेल ना! मला काय हौस आहे?"

सिस्टर हसत सुटल्या आणि हसता हसता त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, एका रोग्याला आईचा डबा, बायकोचा डबा, मावशीचा डबा! पोट बिघडलं की मलाच विचारायचे, सिस्टर, गुण का येत नाही? असल्या डबेवाल्यांना जन्मभर दारातून हाकललं मी. आणि इथं पहिला डबा माझाच!"

दुसऱ्या दिवशी फाटकावर पुठ्ठा लागला: 'रुग्णास भेटण्यास सक्त मनाई. पाणी बंद.'

वेल सुकली, पानं गळाली. यजमान उगाच फाटकाशी घुटमळायचे. सिस्टर तर कितीदा भरलेली बादली घेऊन जिन्यातून परत फिरल्या. आपणच तिला मारतोय, असं त्यांना वाटायचं. मग एका सकाळी शेंड्याला गुलाबी छटा दिसली आणि बघता बघता सगळं फाटक रंगलं.

घरमालकांनी चष्मा पुसून घोस जवळ ओढला. "पण ही तर रंगलेली पानंच आहेत हो. शिरा दिसतायत. मी फूल म्हणालो होतो."

सिस्टर पुढे वाकल्या. त्यांनी तीन गुलाबी पानं हळूच विलग केली. प्रत्येक पानाच्या पोटाशी एक बारीकशी नळी चिकटली होती. त्यातल्या एकीच्या टोकाला इवलंसं पांढरं फूल उमललं होतं.

"एवढंसं?" घरमालक म्हणाले.

"जन्मताना सगळे एवढेसेच असतात."

घरमालक आत गेले आणि तांब्याभर पाणी घेऊन परत आले. "बाळंतिणीला घोटभर तरी?"

सिस्टरनी पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. घरमालकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मुकाट्यानं तो तांब्या आपल्याच तोंडाला लावला.