अमृतच्या ट्रकचा आवाज

गाडी आवाज करते म्हटलं की लोक मला आवाज सोडून बाकी सगळं सांगतात. कुणाच्या गाडीला दृष्ट लागलेली असते, कुणाला वाटेत मांजर आडवं गेलेलं असतं. पट्टा बघितला का, म्हणून विचारलं की गप्प. कार्ला फाट्याजवळ जुन्या हायवेला माझं गॅरेज आहे, आणि असल्या माणसांवर मी चिडतो हे सगळ्या मावळाला ठाऊक आहे. तरी ती येतात.

नवलाख उंबरे गावच्या अमृतचा ट्रक आला तेव्हा मात्र मला चिडायचं जमेना. अमृत माझा जुना गिऱ्हाईक, खरं तर दोस्तच. एमआयडीसीत माल उतरवायला रांगेत उभा असताना स्टिअरिंगवरच गेला. ट्रक आणला होता त्याच्या थोरल्या भावाने, अंबाजीने. अमृतचा मुलगा संदेश शेजारी बसून आला होता. चांगला पंचविशीतला गडी, पण खाली उतरला तो गाडीपासून लांब जाऊन उभा राहिला.

"माझ्या हाती गप ऱ्हाती," अंबाजी म्हणाला. "ह्यो बसला की वरडती. बाई वरडावी तशी. मागनं पंखा पन घुमतोय."

"पट्टा बघितला?"

"पट्ट्याचं न्हाई ते, श्रीपती. तुला ठावंय कशाचं हाय ते."

मला ठाऊक होतं. दहाव्याला मीही इंद्रायणीच्या काठावर होतो. पिंड मांडून झाला, तरी कावळा शिवेना. समोरच्या झाडावर कावळे होते, पण खाली एकही उतरत नव्हता. मग अशा वेळी करतात तसं एकेकाने हात जोडून कबूल करायला सुरुवात केली. अनितावैनींना, अमृतच्या बायकोला, अंतर देणार नाही, झालं. घराचं अर्धवट काम पुरं करू, झालं. ऊन चढलं. माणसं भुकेली झाली. शेवटी अंबाजी पुढे झाला आणि म्हणाला, "आमरुत, पोरगा तुझ्या गाडीला हात लावनार न्हाई." आणि कावळा उतरला.

अमृतचं आणि पोराचं त्यावरूनच बिनसलं होतं. गाडीचा धंदा माझ्याबरोबर संपला, तू कंपनी सोडायची नाही, माझ्या स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं अमृतने त्याला सुनावलं होतं. त्यानंतर दोघं बोललेच नाहीत, आणि तेवढ्यात अमृत गेला. पुढे कंपनीने कंत्राटी पोरं कमी केली, त्यात संदेश घरी बसला. अंबाजीचे गुडघे गेलेले, त्याच्याच्याने रोज ट्रक चालवणं शक्य नव्हतं. दारात उभा होता तो एक ट्रक. तो चालवून घर चालवायचं, की बापाचा शब्द राखून भंगारात घालायचा, एवढाच प्रश्न होता. आणि रोज सकाळी संदेशने चावी फिरवली की ट्रक किंचाळायचा.

"गाडी रातभर हितं ऱ्हाऊ दे," मी संदेशला म्हणालो. "सकाळी ये. आईला पन आन, तिच्यादेखत उघडू."

सकाळी शेतांवर धुकं होतं आणि बॉनेटवरून दहिवराचं पाणी गळत होतं. मी संदेशला बसू दिलं नाही. स्वतः चढलो, चावी फिरवली. जी किंकाळी निघाली, तिने माझ्याच अंगावर काटा आला. उगाच कशाला खोटं बोलू. इतकी वर्षं पट्टे ऐकतोय, पण हा आवाज वर चढत जायचा आणि मध्येच दम लागल्यासारखा तुटायचा. अनितावैनी दारातच थांबल्या.

"बघ," मी खाली उतरून संदेशला म्हटलं, "मी काय त्याचा पोरगा न्हाई. माझ्या हाती पन वरडली. तू गार इंजनावर बसतूस. तू घाबरून उतरलास की तुझा चुलता तापलेल्या इंजनावर बसतो. फरक तेवढाच."

त्याला ते पटलं नाही. पटावं असं त्याला वाटतही नसावं.

फिरत्या पट्ट्यावर मी मगभर पाणी मारलं. आवाज क्षणभर दबला आणि दुप्पट जोराने परत आला. पट्टा घसरत होता. इंजिन बंद करून मी पट्टा काढला आणि पंखा हाताने फिरवून पाहिला. मोकळा फिरायला हवा होता तो पंखा खरखरत, अडत फिरला. म्हणजे वॉटर पंप जाम होत होता. पंखा उतरवला, पुली काढली, आणि मागे बॅटरीचा उजेड पाडून पाहिलं.

पंपाच्या दांड्याभोवती दोऱ्यांचा गुंडाळा बसला होता. काळे दोरे, तेलात भिजलेले, जळून घट्ट झालेले. त्यात लिंबाच्या वाळक्या साली आणि मिरचीची देठं. पंख्याने ओढून घेतलेल्या दोऱ्याने आत शिरून सील कापलं होतं, पाणी बेअरिंगमध्ये गेलं होतं. मी पकडीने ओढू लागलो तसा तो निघतच राहिला.

"हे कुनी बांधलं?"

अनितावैनी पुढे आल्या. "मी, भाऊ. पंख्याम्होरच्या जाळीला, दर अवसेला. त्येंचा राग शांत व्हावा म्हून. आवाज वाढला तसं मी एकाचे दोन बांधाया लागले." पकडीतल्या त्या काळ्या गुंत्याकडे बघत त्या हळूहळू खाली बसल्या. "म्हंजे मीच वरडत हुते व्हय."

नवऱ्याचा राग जावा म्हणून बाईने केलेलं सगळं पोराच्या कानात नवऱ्याचा राग होऊन ओरडत होतं. यात कुणावर चिडायचं?

नवा पंप बसवला, नवा पट्टा ताणला. पुन्हा चावी फिरवली तेव्हा इंजिन नुसतं धडधडलं. पंखा वारा घेत होता, दुसरा आवाज नाही. मला वाटलं पोरगा हसेल. तो बॉनेटजवळ कान नेऊन उभा राहिला.

"भाऊ, जरा ढिला करा."

"काय?"

"पट्टा. थोडा वरडू द्या." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "वरडायचा तवा मी रोज त्येला समजवायचो. आबा, कंपनी म्या सोडली न्हाई, त्येनीच काढलं. आबा, लय जपून चालवीन. आज ना उद्या ऐकंल वाटायचं. आता कुनाशी बोलू?"

ढिल्या पट्ट्यावर खंडाळ्याच्या घाटात इंजिन उकळतं, हे मी आयुष्यभर लोकांना ओरडून सांगितलंय. तरी मी पाना घेतला आणि पट्टा ढिला केला. इंजिन चालूच होतं. आवाज आला नाही. आणखी ढिला केला, पट्टा लोंबायला लागला. तरी नाही. आम्ही तिघं कान देऊन उभे होतो. इंजिन आता तापलं होतं, पुली कोरडी होती, पट्टा नवा होता. कारण मला माहीत होतं, तरी मी पाना धरून ऐकत राहिलो. ज्याची वाट बघत होतो तो बोलणार नव्हता, आणि मलाही ते सोसवेना.

मी पट्टा परत ताणून बसवला. संदेश केबिनमध्ये चढला. त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर काचेकडे बघत, घरातून निघताना सांगतात तसं म्हणाला, "येतो, आबा."

आणि थांबला. गिअर टाकेना. अनितावैनींनी तोंडाला पदर लावला होता. इंजिन धडधडत होतं, आणि 'ये' म्हणायला कुणीच नव्हतं.

"ये," मी म्हणालो.

मी बोलायचं ठरवलं नव्हतं, आणि तो आवाजही मला माझा वाटला नाही. संदेशने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही, फक्त मान हलवली आणि गाडी हायवेला काढली. अनितावैनी मात्र पदर तसाच धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि मग एक पाऊल मागे सरल्या.