शेजारच्या सीटची उंची

मिस्त्रींचा नियम चार बोटांचा होता. गाडीत कॅमेरा बसवायचा तर सीटांमागच्या पाइपला जिथे पकड लावली तिथपासून कॅमेऱ्यापर्यंतची दांडी चार बोटांपेक्षा लांब नको. "बोटं कोणाची धरायची?" असं एका गिऱ्हाइकाने एकदा चावटपणे विचारलं, तेव्हा मिस्त्रींनी स्वतःचा पंजा त्याच्या नाकासमोर धरला होता. "ही. आणि तीही मिटून, फाकवून नाही."

सुट्टीच्या दिवशी शर्यतीच्या ट्रॅकवर हौसेने गाडी पळवणारी मंडळी त्यांच्याकडे यायची. आठवडाभर लोकांचे दात उपटणारे, घरं बांधणारे, कोर्टात भांडणारे. प्रत्येकाच्या खिशात काडेपेटीएवढा कॅमेरा आणि डोक्यात अख्खा सिनेमा. कोणाला स्वतःची करारी मुद्रा दिसायला हवी, कोणाला गाडीचं नाक, कोणाला दोन्ही. मिस्त्री सगळं ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि शेवटी चार बोटांवरच बसवायचे. आधी पाइप स्पिरिटने पुसायचा, पकडीच्या आत रबराची पट्टी, स्क्रू पान्याने आवळायचा, आणि वर एक पोलादी तार, दुसऱ्याच जागी अडकवलेली. "गाडी भिंतीला धडकून थांबेल हो," ते म्हणायचे, "कॅमेरा कशाला थांबेल? तो सुटला की दगड."

एवढं सगळं जगाला शिकवणाऱ्या या माणसाने स्वतःच्या बहिणीच्या गाडीसाठी एकतीस सेंटिमीटरची दांडी कापली. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

बहीण नऊ वर्षांनी धाकटी. शाळेत भूगोल शिकवायची आणि महिन्यातून एकदा, भूगोल गुंडाळून ठेवून, दोन माणसांच्या बुटक्या लाल गाडीतून ट्रॅकवर जायची. गाडी मिस्त्रींनीच भंगारातून उभी केलेली. सात वर्षं शेजारच्या सीटवर ते स्वतः बसले. काम एकच. नवव्या वळणाआधी, वळण शंभर मीटरवर असल्याची, शंभराची पाटी आली की "आता" म्हणायचं. मग ती ब्रेक दाबायची. सात वर्षांत किती "आता" झाले असतील ते त्यांनी मोजलं नव्हतं, पण एकही वाया गेला नव्हता याची त्यांना खात्री होती.

गेल्या वर्षी त्यांचा कान बिघडला. ऐकू यायचं नीट, पण कानाच्या आत तोल सांभाळणारं जे काही असतं त्याने राजीनामा दिला. मान झटकन वळली की जग गरगरायचं. "गाडीत बसायला काहीच हरकत नाही," डॉक्टर म्हणाले होते, "फक्त गाडी वळू देऊ नका." हा विनोद बायकोने सगळ्या नातेवाइकांना सांगितला. मिस्त्री तेवढे हसले नाहीत.

आणि दोन महिन्यांपूर्वी धाकटीने शेजारची सीटच काढली.

"अकरा किलो आहे, दादा," ती म्हणाली होती. "उगाच कशाला वाहायची?"

"बरोबर आहे," मिस्त्री म्हणाले होते, आणि सीटचे चारही बोल्ट स्वतःच्या हाताने सोडवून दिले होते. काढलेली सीट गॅरेजच्या कोपऱ्यात, जुन्या टायरांशेजारी ठेवली. तिच्यावर त्यांनी फडकं घातलं ते धूळ बसू नये म्हणून, असं ते सांगायचे.

आता मोसमातला शेवटचा दिवस आला होता. धाकटीला कॅमेरा हवा होता, तो आपलं कुठे चुकतं हे बघायला: हात, स्टिअरिंग आणि समोरचा रस्ता, एवढं दिसलं की झालं. मिस्त्रींना मात्र वेगळंच हवं होतं. आपण बसायचो तिथून, आपल्या डोळ्यांच्या उंचीवरून तो रस्ता एकदा दिसावा. एकदाच. बोलले मात्र कोणालाच नाहीत.

पण उंची मोजायला दुसरं माणूस लागतं. शनिवारी सकाळी त्यांनी कोपऱ्यातली सीट ओढून काढली, गाडीत होती तेवढ्याच उंचीच्या लाकडी ठोकळ्यांवर ठेवली, तिच्यात जाऊन बसले आणि बायकोला हाक मारली. ती हातातलं फडकं घेऊनच आली.

"हे काय नवीन?"

"टेप धर. जमिनीपासून डोळ्यापर्यंत किती ते सांग."

"पापणीपर्यंत की बुबुळापर्यंत?"

"मस्करी नको."

"मस्करी कसली? कालच म्हणालात ना, मापात दोन मिलिमीटर इकडचे तिकडे झाले तर माणसाची लायकी कळते." तिने टेप लावला. "शहात्तर. ताठ बसा. नाही, असे कुठे बसायचात गाडीत? पाय आखडून, हात मांडीखाली. फोटोत मी बघितलंय ना, घाबरलेल्या मांजरासारखे."

मिस्त्रींनी पाय आखडले. हात मांडीखाली घातले.

"चौऱ्याहत्तर," ती म्हणाली. मग टेप गुंडाळता गुंडाळता जरा थांबली. "कॅमेरा तिच्यासाठी आहे ना?"

"तिच्यासाठीच."

"मग डोळे तुमचे कशाला?"

मिस्त्रींनी आकडा खडूने भिंतीवर लिहिला. तिनेही उत्तर मागितलं नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात कुठला प्रश्न वसूल करायचा आणि कुठला सोडून द्यायचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आता अडचण अशी, की कॅमेरा पकडायला भक्कम जागा म्हणजे सीटांच्या मागचा जाड पाइप; गाडी उलटली तर छप्पर डोक्यावर येऊ नये म्हणून असतो तो. आणि मिस्त्रींचे डोळे असायचे त्या पाइपच्या एकतीस सेंटिमीटर पुढे. चार बोटांत ते अंतर कसं मावणार? त्यांनी जाड नळी घेतली, खाली एक तिरपा टेकू दिला, तारा एकाच्या दोन केल्या. टेकू दिला की दांडी हलत नाही, असं दुसऱ्या कोणी त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला असता.

रविवारी सकाळी ट्रॅकवर पोचले तेव्हा तपासणीच्या रांगेत आधीच सात गाड्या होत्या. तपासायला नेहमीचे गृहस्थ. त्यांना सगळे हिसडासाहेब म्हणत, कारण ते कागद बघत नसत, डोळ्यांवरही विश्वास ठेवत नसत. जे बसवलेलं असेल त्याला मुठीत धरून एक हिसडा देत. टिकलं तर पास. मिस्त्रींचं काम त्यांनी गेली कित्येक वर्षं हिसडा न देताच पास केलं होतं. साहेबांच्या कोष्टकात असा मान आणखी कोणाला नव्हता.

या वेळी ते खिडकीत वाकले आणि तसेच राहिले.

"मिस्त्री, हे कोणी बसवलं?"

"मीच."

"तुम्ही नाही हो," हिसडासाहेब म्हणाले. "तुमच्या हाताखालच्या कोणाचं असेल."

"माझ्या हाताखाली कोणी नाही."

साहेबांनी दांडीचं टोक मुठीत धरलं आणि हिसडा दिला. दांडी तुटली नाही, सुटलीही नाही. पण सोडल्यावर ती थरथरत राहिली; धाकटीसकट तिघं तिच्याकडे बघत राहिले आणि ती लवकर थांबेना.

"तुमच्या कामाला हात लावायची वेळ आली, हेच मला आवडलं नाही," साहेब हळू आवाजात म्हणाले. "आखूड करा. अर्धा तास आहे."

धाकटी गाडीजवळ हेल्मेट काखेत धरून उभी होती. तिने दांडीकडे बघितलं, मग कॅमेऱ्याकडे, मग कॅमेरा ज्या रिकाम्या जागी तरंगत होता तिकडे. भूगोल शिकवणाऱ्या बाईला नकाशा वाचायला किती वेळ लागणार? तिने व्हॅनमधून पान्यांचा डबा तेवढा आणून दिला.

मिस्त्रींनी दांडी काढली. पकड सोडवली, पाइप पुन्हा पुसला आणि कॅमेरा चार बोटांवर बसवला, दोन सीटांच्या मधोमध, पाइपला चिकटून. तार अडकवली. हिसडासाहेब पुन्हा आले आणि या वेळी हिसडा न देताच खूण करून गेले. ती मेहरबानी मिस्त्रींना हिसड्यापेक्षा जास्त लागली.

वीस मिनिटांची पहिली खेप. मिस्त्री व्हॅनच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर डोळे मिटून बसले. उघड्या डोळ्यांनी गाड्या वळताना बघितल्या की कान रुसायचा. नववं वळण समोरच, झाडांमागे. लाल गाडीचा आवाज ते शंभरात ओळखायचे. आवाज चढत आला, आणि पाटीपाशी त्यांच्या ओठांवर आपसूक "आता" आलं. आवाज चढतच राहिला. मग एकदम पडला. दर फेरीला तेच. "वारा असेल," ते स्वतःशीच म्हणाले. "आवाज उशिरा येतोय."

धाकटी परत आली तेव्हा घामाघूम, केस कपाळाला चिकटलेले. मागचं दार उघडून दोघं व्हॅनच्या काठावर बसले, आणि तिने कॅमेऱ्यातलं चित्र टॅबलेटवर घेतलं.

चित्र खिळ्यासारखं स्थिर होतं. त्यामुळेच मिस्त्रींना बघता आलं. लांब दांडीवरून थरथरणारा रस्ता दिसला असता तर दुसऱ्या वळणालाच त्यांनी टॅबलेट दूर लोटला असता. पण जागा त्यांची नव्हती. डावीकडे गाडीचा उघडा पत्रा, सीटच्या चार बोल्टांची चार भोकं, उजवीकडे तिचा खांदा. कॅमेरा मागे, त्यामुळे त्यांची जागा पुरती दिसत होती. तिथे कोणी नव्हतं.

नववं वळण आलं. दोनशेची पाटी. दीडशेची. शंभराची पाटी खिडकीतून मागे गेली, तरी ब्रेक नाही; इंजिनाचा आवाज चढतच होता. पन्नासची पाटी जवळ आली, तेव्हा कुठे तिने ब्रेक दाबला, आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी वळली.

"पुन्हा दाखव," ते म्हणाले.

तिने दाखवलं. तेच.

"हे कधीपासून?"

"काय?"

"उगाच वेड पांघरू नको. शंभराला दाबायचीस."

धाकटीने पाण्याची बाटली उघडली, प्यायली नाही. "तू 'आता' म्हणायचास म्हणून दाबायचे."

"आणि पन्नासला जमत कधीपासून होतं?"

"तिसऱ्या वर्षापासून असेल."

म्हणजे पाच वर्षांचे "आता". मिस्त्रींनी मनात ते सगळे एका बाजूला काढून ठेवले. काढून ठेवल्यावर पलीकडे फारसं काही उरलं नाही.

"मग बोलायचं नाही का?"

"काय बोलू? दादा, गप्प बस? तू किती मन लावून म्हणायचास." ती बाटलीचं झाकण फिरवत राहिली. "आणि तू शेजारी असताना मला घाई कुठे होती?"

मिस्त्रींनी टॅबलेट तिच्याकडे सरकवला. मग म्हणाले, "सीट काढलीस ते बरं केलंस. अकरा किलोंनी फरक पडलाच."

"अकरा किलोंनी कुठे एवढा पडतो? रिकामी सीट शेजारी घेऊन चालवून बघ एकदा. प्रत्येक वळणाला पट्टा हलतो तिचा. मी दोनदा तिकडे बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं असतं तर गवतात गेले असते."

दुसऱ्या खेपेची शिट्टी झाली तेव्हा ती हात धुवायला गेली होती. परत आली, तर मिस्त्री गाडीत होते. शेजारच्या जागी, उघड्या पत्र्यावर, पाय आखडून. सीट नसल्यामुळे इतके खाली गेले होते, की समोरच्या काचेतून त्यांना रस्ता दिसतच नव्हता. दिसत होतं ते नुसतं आभाळ.

धाकटी आपल्या जागेवर येऊन बसली. हेल्मेट घातलं, पट्टे आवळले.

"दादा, उतर."

"उतरतो."

ते उतरले नाहीत. कॅमेऱ्याच्या स्क्रूला बोट लावून बघितलं. घट्ट होता, मघाशी त्यांनीच आवळला होता.

"पाटी सोडून किती जातेस?" त्यांनी विचारलं. "पन्नासच्या आधी दाबतेस की नंतर?"

"आधी. जरासं."

"नंतर नको दाबू."

"नाही दाबणार."

त्यांनी पाइपला धरून स्वतःला वर खेचलं आणि एक पाय बाहेर टाकला. मान वळली तशी जमीन कलायला लागली. झाडं, व्हॅन, रांगेतल्या गाड्या, सगळं एका बाजूला घरंगळलं. ते एक पाय आत, एक बाहेर, पाइपला धरून तसेच उभे राहिले. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. पुन्हा दिला. धाकटीने दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले आणि हॉर्नवाल्याकडे वळूनही न बघता, गाडी बंद ठेवून, ते पाइप सोडेपर्यंत बसून राहिली.