दुसरी सही

"दुसरा पंच कुठाय?" प्रदूषणाच्या ऑफिसातून आलेल्या साहेबांनी विचारलं. नाल्याच्या काठावर उकिडवे बसून त्यांनी बाटली भरली होती. पाणी लालभडक होतं आणि त्यातून अजून वाफ निघत होती. "दोन पंचांच्या सह्या लागतात. एकट्या तुमच्या सहीवर कागद कोर्टात टिकायचा नाही."

"आणते," शालन म्हणाली. "थोडं थांबा."

"लवकर या. मला पुढे बदलापूरला जायचंय."

साहेबांना इथवर आणायला तिला तीन वर्षं लागली होती. ८६ साली बुवापाड्यातल्या आठ पोरापोरींनी मंडळ काढलं, तेव्हा लोक हसले होते. दुसरी मंडळं क्रिकेटच्या मॅची भरवतात. ह्यांनी काय करावं, तर नाल्यावर आळीपाळीने बसून पाणी किती वाजता कोणत्या रंगाचं येतं ते वहीत लिहावं. अध्यक्ष शालन. टायपिंगचा क्लास करत होती, म्हणून अर्जही तिच्याच गळ्यात. पुढे हातपंपाला पिवळं पाणी यायला लागलं, लेकरांच्या अंगावर चट्टे उठले, तसे हसणारे गप्प झाले. पण तोवर एकेक पोरगं कारखान्यात चिकटत गेलं. चिकटलं की वही सुटली. दोष तरी कुणाला द्यायचा? पगार देणारे कारखाने ह्याच नाल्याला लागून होते. शेवटी ती आणि जयदेव उरले. आणि गेल्या महिन्यात जयदेवही लागला. त्याने तिला सांगितलंसुद्धा नाही. पाण्याच्या रांगेत बनूबाईंकडून कळलं.

जयदेवच्या दारात त्याची आई, अंजनीमावशी, तांदूळ निवडत बसली होती.

"झोपलाय गं तो. नाइट करून आलाय."

"मावशी, साहेब आलेत. खरोखरचे. फक्त एक सही पाहिजे."

मावशीने सुपावरची नजर वर केली नाही. पडद्याआड खाट करकरली. झोपेतला माणूस इतक्या जपून कूस बदलत नाही, एवढं शालनला कळत होतं.

"जयदेव, पाणी आत्ता सोडलंय. तासाभरात साफ होईल."

तो बनियनवर बाहेर आला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "सहा महिने थांब ना यार. कन्फर्म होऊ दे. मग कुठंपण सही देतो."

"सहा महिन्यांनी साहेब येतील?"

"माझं नाव त्या कागदावर दिसलं ना, तर गेटवरनंच परत पाठवतील. आईकडे तरी बघ."

तिने बघितलं. मावशीच्या दोन्ही हातांची कातडी त्याच पाण्याने सोलून निघाली होती. त्या हातांवरून ती जयदेवला चार शब्द सुनावू शकली असती. पण तिला एकदम फार थकल्यासारखं झालं. बाकीचे गेले तरी हा राहील, असं ती धरून चालली होती. का धरून चालली होती, हे तिने स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

"झोप जा," ती म्हणाली.

वडिलांना विचारायची सोयच नव्हती. ते जयदेवच्याच कारखान्यात फर्स्ट शिफ्टला होते. परतताना तिने बनूबाईंचं दार वाजवलं. "अंगठा दिला असता गं पोरी," बनूबाई म्हणाल्या, "पण आमचा नातू परवाच लागलाय." आणखी दोन दारं तर उघडलीच नाहीत.

साहेब घड्याळ बघत उभे होते. "कुणी नाही?"

"नाही."

"अर्जावर आठ नावं होती."

"होती."

साहेब माणूस वाईट नव्हते. पुढे काही न विचारता त्यांनी बाटली नाल्यात उपडी केली, गाडीतून पॅड आणलं आणि उभ्याउभ्या लिहिलं: पंच उपलब्ध न झाल्याने नमुना घेता आला नाही. "अर्जदार म्हणून इथे सही करा."

शालनने वाचलं. तिने पॅड परत साहेबांपुढे धरलं.

"साहेब, हे बरोबर नाही. मी आहे ना. एक पंच हजर होता, असं लिहा."

"त्याने काय फरक पडणार, बाई?"

"तरी लिहा."

साहेबांनी वरची ओळ खोडली आणि ती म्हणाली तसं लिहिलं. तिने पॅड गुडघ्यावर धरून पूर्ण नाव घातलं: शालन धोंडिबा रोकडे, बुवापाडा. मग जीपपर्यंत साहेबांना पोचवायला ती चालत गेली. मंडळातर्फे कुणीतरी जायला हवं होतं.