खंडेनवमीची अट

२००६ साली अंबडच्या आमच्या कारखान्याने ड्रायव्हरशिवाय माल वाहणारी गाडी घ्यायचं ठरवलं. खरेदी माझ्याकडे होती आणि माझा पारा कायम चढलेला. तीन पुरवठादारांच्या वॉरंट्यांत मी फक्त वर्षं बघत होतो. माझ्या सहकारी मालिनीताई क्षेमकल्याणी मात्र बारीक अक्षरं वाचत बसायच्या.

"साहेब, गाडीला वाट दिसते ती पुढच्या सेन्सरमधून. त्यावर पावडर किंवा पाणी पडलं तर वॉरंटी रद्द, असं तिघांनीही लिहिलंय. आणि आपल्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते."

"मग काय, कराराला हळद-कुंकू लावू?" मी खेकसलो.

त्यांनी शांतपणे तिघांनाही पत्रं पाठवली. एकानेच लिहून दिलं, की पूजेमुळे झालेला बिघाड वॉरंटीत धरू. त्याची मुदत एका वर्षाने कमी होती. मी चरफडतच सही केली.

खंडेनवमीला गाडीला हार घातला, नारळ फोडला, आणि कुणीतरी मोठ्या भक्तिभावाने नेमकं सेन्सरवरच कुंकवाचं बोट टेकवून वर नारळाचं पाणी शिंपडलं. गाडी जागची हलेना.

ते कुणीतरी म्हणजे मीच.

पुरवठादाराने पाचव्या दिवशी नवा सेन्सर फुकट बसवून दिला.

पुढच्या खंडेनवमीला मी सगळ्यांदेखत मालिनीताईंना बोलावलं आणि पहिलं हळद-कुंकू त्यांच्या हातून कराराला लावून घेतलं.