सत्ती-दुरीवर छापखाना

छापखाना विकायचा की नाही हे पत्त्यांवर ठरवायचं, ही अक्कल धाकट्याची. वर्षभर भांडून दोघा भावांचे घसे बसले होते. दादाला विकून मोकळं व्हायचं होतं आणि धाकट्याचा जीव मशीनमध्ये अडकलेला. घेणारा माणूस तीनला येणार होता. जेवणं उरकल्यावर धाकटा म्हणाला, "एकच सामना. जिंकेल त्याचं ऐकायचं. पण मोबाइलवर, ऑनलाइन पोकर. समोर बसलो की तू माझं तोंड वाचतोस."

"तुझं तोंड वाचायला शाळा लागते होय?" म्हणत दादा पार्टिशनपलीकडे ऑफिसात जाऊन बसला. पार्टिशन कसलं, नुसतं प्लायवुड. पलीकडे कुणी शिंकलं तर अलीकडचा दचकायचा.

धाकट्याची एक खोड होती. जीव टांगणीला लागला की तो समोरचा कागदाचा गठ्ठा उचलायचा, टेबलावर ठोकून कडा जुळवायचा, फिरवून पुन्हा ठोकायचा. वडिलांपासून आलेली सवय. दादालाही होती, पण ऑफिसच्या खुर्चीत बसायला लागल्यापासून त्याची सुटली होती. आज फसवायची वेळ आली की मात्र आवाज करायचा नाही, हे धाकट्याने मनाशी पक्कं केलं होतं.

पैशांऐवजी लावायचे चिप्स खोटेच होते, पण धाकट्याचे भराभर संपत चालले, तशी त्याची ठकठकही वाढली. पावणेतीनला त्याच्या हातात आली दुरी आणि सत्ती. पोकरमध्ये याहून भिकार पत्ते शोधून सापडले नसते. स्क्रीनवर दोघांसाठी उघडलेले पाच पत्तेही त्याच्या काही कामाचे नव्हते. आता घाबरवून दादाला पत्ते टाकून डाव सोडायला लावायचं, एवढाच मार्ग उरला होता. त्याने उरलेले सगळे चिप्स पुढे सारले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

मोबाइलवर दादाच्या नावाभोवतीचं, वेळ मोजणारं हिरवं वर्तुळ झिजू लागलं. धाकट्याचा पाय आपोआप हलायला लागला. त्याने तो स्टुलाच्या दांडीत अडकवला. मग मान खाजली, पाठ खाजली. समोर नुकत्याच छापलेल्या पत्रकांचा गठ्ठा तिरका पडला होता, आणि तो तसा बघवत नव्हता. पलीकडे खुर्ची करकरली. टाक रे बाबा, टाक पत्ते, तो मनात म्हणाला.

दादाने पत्ते न टाकता तेवढेच चिप्स लावले. पत्ते उघडले. दादाकडे बादशहाची जोडी होती.

"कसं ओळखलंस?" धाकट्याने पार्टिशनला विचारलं.

"अरे, दिवसभर तुझी ठकठक ऐकतोय. एकाएकी स्मशानशांतता झाली, तेव्हाच म्हटलं, याने हात बांधून ठेवलेत. चांगल्या पत्त्यांना कोण हात बांधतं?"

धाकट्याला स्वतःचाच राग आला. छापखाना गेला, आणि तो आपण गप्प बसल्यामुळे गेला. त्याने फडकं घेतलं आणि पुसलेलंच मशीन पुन्हा पुसायला घेतलं. डोळ्यांत पाणी होतं, ते पुसायचं राहिलं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पलीकडून दादा उठल्याचा आवाज काही आला नाही. आली ती ठकठक. थांबली. पुन्हा ठकठक.

धाकटा पार्टिशनला वळसा घालून गेला. दादा कोऱ्या कागदांचा गठ्ठा टेबलावर ठोकत होता, फिरवत होता, पुन्हा ठोकत होता. मान वर करत नव्हता.

"दादा, तो आलाय. जिंकलास तू. आत बोलावू?"

"आज जमायचं नाही म्हणावं त्याला," दादा म्हणाला. "गठ्ठा सरळ होत नाहीये अजून."

गठ्ठा केव्हाचा सरळ झाला होता. धाकटा दाराकडे पळाला.